ब्राझिलांतील सही झालेली वही

ब्राझील देशांत अमुक मनुष्य कामाला जातो, एवढें सांगून त्याची स्थिति कळत नाहीं. त्याच्या वहीवर मालकाची सही आहे काय, हा तेथील खरा प्रश्न होय. ही कामाची वही १९३२ सालीं गेतूलिओ वार्गास यांच्या कारकीर्दींत सुरू झाली. २०१९ पासून ती संगणकीय झाली. तरी लोक अजून ‘सही झालेली वही’ असेंच म्हणतात. पुढें १ मे १९४३ रोजीं कामगारविषयक विखुरलेले कायदे एका संहितेंत गोंवण्यांत आले. अनेक दुरुस्त्यांसह ती आजहि लागू आहे.

अशा सहीनें कामगाराच्या पदरांत काय पडतें? किमान वेतन, १९८८ च्या राज्यघटनेप्रमाणें आठवड्यास ४४ तासांची मर्यादा व जादा कामाचा जादा मोबदला, वर्षाच्या नोकरीनंतर ३० दिवसांची भरपगारी रजा, आणि १९६२ पासून वर्षाकाठीं तेरावा पगार. शिवाय मालक दरमहा वेतनाच्या ८ टक्के रक्कम कामगाराच्या नांवें निधींत भरतो. सबळ कारणावांचून त्यास काढून टाकल्यास त्या जमेच्या ४० टक्के रक्कम भरपाई म्हणून द्यावी लागते.

परंतु ही सावली सर्वांवर पडली नाहीं. १९४३ च्या संहितेनें शेतमजूर व घरकाम करणारे यांना बहुतांशीं बाहेर ठेविलें. गुलामगिरी त्या देशांत १८८८ पर्यंत कायदेशीर होती, आणि ती गेल्यावरहि परक्या घरचीं कामें मुख्यतः कृष्णवर्णीय स्त्रियांच्याच वांट्यास आलीं. लाउदेलिना द कांपोस मेलो या घरकाम करणाऱ्या बाईंनीं १९३६ सालींच सांतोस शहरीं आपल्या भगिनींची संघटना स्थापिली होती. तरीहि वहीवरील सहीचा हक्क त्यांस १९७२ सालीं मिळाला. कामाच्या तासांची मर्यादा तर २०१३ च्या घटनादुरुस्तीनें! लाउदेलिनाबाई १९९१ सालींच निवर्तल्या होत्या.

२०१५ च्या कायद्यानें निधीहि सक्तीचा केला. मात्र एका घरीं आठवड्यांतून दोनच दिवस जाणारी बाई रोजंदारीची समजली जाते व या हक्कांबाहेर राहते. तिसऱ्या दिवशीं तिला बोलावलें, तर सारा कायदा तिच्यासाठीं उभा राहतो. न बोलावलें, तर कांहींच नाहीं.

इतर धंद्यांतहि सहीवांचून राबणारे पुष्कळ. सर्व कामकऱ्यांपैकीं एकतृतीयांशाहून अधिक लोक आजहि अशा अनियमित रोजगारावर जगतात. सही टाळणारा मालक कायद्यानें दोषी ठरतो, व कामगार न्यायालयांत दादहि मागतां येते. पण ज्याचें पोट हातावर आहे, त्याला न्यायालयाची पायरी फार उंच वाटते.