योनिधावन : चिकित्सा की नित्यकर्म?

"अंगावरून पांढरे जाते, आतून धुण्यास काही द्या," अशी मागणी कामशेत-वडिवळे परिसरातील भगिनी आमच्याकडे वारंवार करतात. तत्पूर्वी तुरटीचे पाणी, कडुनिंबाचा काढा, क्वचित साबण वा जंतुनाशक द्रवही वापरून झालेला असतो. वनस्पतीचे औषध म्हणजे निर्धोक, ही समजूत त्यामागे असते. आणि ती रुजविण्यात आपल्या व्यवसायाचाही वाटा आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात २० योनिव्यापदांच्या प्रकरणी धावन, परिषेचन, पिचुधारण येते, ते व्याधी व दोष ओळखल्यानंतर. दिनचर्येत दंतधावन आहे, गंडूष आहे, स्नान आहे, योनिधावन नाही. हा भेद आपण विसरू नये.

निरोगी योनिमार्गातील उपकारक जीवाणू लॅक्टिक आम्ल निर्माण करतात. त्यामुळे तेथील सामू साधारण ३.८ ते ४.५ राहतो व रोगकारक जंतूंना अटकाव होतो. वारंवार धुण्याने हे संरक्षण ढासळते. साबण तर अल्कधर्मीच. त्यातून दुर्गंधी स्राव वाढतो, आणि रुग्णा आणखी धुते! पिचकारीच्या दाबाने खालचा संसर्ग गर्भाशयात व बीजवाहिन्यांत चढू शकतो. कटिरातील दाह, वंध्यत्व, गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा व अकाली प्रसूती यांच्याशी या सवयीचा संबंध अभ्यासांत आढळला आहे. धावनाने गर्भधारणा टळते, हाही भ्रमच.

याहून गंभीर बाब म्हणजे निदानास होणारा विलंब. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. 'लॅन्सेट'मध्ये १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग आढळले; त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. धुण्याने स्राव तात्पुरता निवळतो, पण गर्भाशयमुखाचा कर्करोग त्याआड वाढत राहू शकतो.

औषधी विक्रेत्या बंधूंना आमची विनंती की, चूर्णाची पुडी योनिधावनासाठी मागितली गेल्यास ती तपासणीशिवाय देऊ नये. दुर्गंधी स्राव, ओटीपोटात वेदना, ताप, संबंधानंतर वा रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव यांपैकी काहीही असल्यास रुग्णेस त्वरित स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. गर्भिणी व सूतिका यांनी तर स्वतःहून धावन मुळीच करू नये. वैद्यांनीही ते योजताना काळ व द्रव्य लिहून द्यावे, आणि थांबण्याचा दिवसही. एरवी बाह्यांग साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे.