बियाण्याच्या खोलीची डागडुजी : उन्हाळ्यातील एक महत्त्वाचे काम

सोयाबीनचे घरचे बियाणे वापरण्याची पद्धत आता बहुतेक गावांत रुळली आहे. त्यामुळे बियाण्यावरील खर्च वाचतो. परंतु ऑक्टोबरात मळणी झालेले बियाणे पुढच्या जूनपर्यंत, म्हणजे सुमारे आठ महिने, आपल्याच घरात राहते. २०२० च्या खरिपात मराठवाडा व विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या, हे आपणास आठवत असेल. उगवण बिघडण्याची कारणे अनेक असतात; त्यांपैकी सादळलेली खोली हे कारण मात्र पूर्णपणे आपल्या हातातील आहे.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही माजघराशेजारची जुनी खोली बियाण्यासाठी तयार केली. दसऱ्याच्या सुमारास गिलावा व चुना उरकला आणि आठवड्याभरात पोत्यांची थप्पी भिंतीला टेकवून लावली. भिंत वरून कोरडी दिसत होती, पण आतून ओली होती. जूनमध्ये गोणपाटात शंभर दाणे घालून पाहिले, तर निम्मेही उगवले नाहीत. कृषी पदवीधराच्या घरी हे घडले, म्हणून ही चूक आपल्याकडून होऊ नये असे वाटते.

सोयाबीनला ओल का सोसत नाही?

सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते व अंकुर टरफलाच्या लगेच खाली असतो. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. असा दाणा हवेतील ओल चटकन ओढून घेतो. बियाण्यातील ओलावा साठवणीत १२ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. ओलावा एक टक्क्याने कमी झाला, तर बियाण्याचे आयुष्य साधारणपणे दुप्पट होते, असा शास्त्रीय ठोकताळा आहे. म्हणूनच खोली कोरडी असणे महत्त्वाचे.

काम केव्हा करावे?

डागडुजीचे काम एप्रिल-मे महिन्यांत करावे. उन्हाळ्यात गिलावा चांगला सुकतो. शिवाय पुढे येणारा पावसाळा हीच खोलीची परीक्षा असते. पावसात कोठे गळते, कोठे ओल येते, तेथे कोळशाने खूण करून ठेवावी व बियाणे आत येण्यापूर्वी ती जागा पुन्हा दुरुस्त करावी.

प्रथम खोली रिकामी करा

अर्धी खोली रिकामी करून केलेले काम अर्धेच राहते. कणगी, जुनी पोती, फळ्या, अडगळ सर्व बाहेर काढावे. या काळात जूनच्या पेरणीचे बियाणे खोलीत असेल, तर ते आधी हलवावे. पोते दोघांनी मिळून उचलावे व अलगद ठेवावे. आपटल्याने अंकुराला इजा होते. बियाणे उन्हात, अंगणात किंवा पत्र्याखाली ठेवू नये. घरातील थंड, कोरड्या कोपऱ्यात फळ्यांवर ठेवावे.

रासायनिक खते व कीटकनाशके याच खोलीत असतील, तर ती कायमची दुसरीकडे हलवावीत. जुन्या पोत्यांच्या शिवणीत किडे लपून राहतात. अशी पोती उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटे बुडवून कडक उन्हात वाळवावीत. भिंत ठोकण्यापूर्वी विजेचे मुख्य बटण बंद करावे. नाका-तोंडाला रुमाल बांधून छत, भिंती, जमीन अशा क्रमाने, वरून खाली झाडून घ्यावे. निघालेला कचरा व किडके धान्य उकिरड्यावर न टाकता जाळावे.

ओल कोठून येते ते शोधा

दोन फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर अंथरून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. दोन दिवसांनी खालच्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले, तर जमिनीतून ओल येते असे समजावे. भिंतीला बाहेरून मोरी, न्हाणी किंवा पागोळीचे पाणी लागत असेल, तर आधी त्या पाण्याची वाट बदलावी. मूळ कारण तसेच ठेवून आतून कितीही गिलावा केला, तरी पोपडे पुन्हा निघतात.

दुरुस्तीचा क्रम

१) प्रथम छप्पर व कौले यांची गळती बंद करावी.

२) लोणा लागलेला, पोकळ वाजणारा गिलावा खरवडून काढावा. फटी छिन्नीने थोड्या रुंद करून, पाणी मारून, एकास चार प्रमाणातील सिमेंट-वाळूने भराव्यात व सात दिवस पाणी द्यावे.

३) मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये, ओल आत कोंडते. तेथे मातीचाच गिलावा द्यावा.

४) उंदरांची बिळे काचेचे तुकडे व काँक्रीट घालून बुजवावीत. दाराच्या खालच्या भागास एक फूट उंचीचा पत्रा ठोकावा. दाराखाली अर्धा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट राहू नये. खिडकीस बारीक जाळी लावावी.

५) गिलावा तीन-चार आठवडे दारे-खिडक्या उघडी ठेवून सुकवावा. त्यानंतर चुन्याचे दोन हात द्यावेत. कळीचा चुना भिजवताना उसळतो व खूप तापतो. मुलांना दूर ठेवावे व डोळे सांभाळावेत.

बियाणे ठेवण्यापूर्वी

ताज्या चुन्यावर मॅलॅथिऑन लवकर निष्प्रभ होते. म्हणून फवारणी चुन्यानंतर लगेच न करता, सप्टेंबरअखेर रिकाम्या खोलीत करावी. मॅलॅथिऑन ५० टक्के प्रवाही १० मिलि प्रति लिटर पाणी, या प्रमाणात भिंती व जमिनीवर फवारावे. १०० चौरस मीटरला तीन लिटर द्रावण लागते. १० बाय १२ फुटांच्या खोलीस सुमारे दीड लिटर पुरते. फवारणी बियाण्यावर करू नये. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कदापि वापरू नयेत. त्यांचा वायू शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

फवारणीनंतर खोली चांगली वाळू द्यावी. मग लाकडी फळ्या मांडून, भिंतीपासून दीड फूट अंतर सोडून थप्पी लावावी. थप्पी पाच-सहा पोत्यांपेक्षा उंच नसावी.

एकरी ३० किलो बियाणे लागते. मे महिन्यात शंभर दाण्यांची उगवण तपासावी. ७० किंवा अधिक दाणे उगवले तर निश्चिंतपणे पेरणी करावी. यंदा दोन दिवसांची मजुरी व थोडे सिमेंट-चुना खर्च केला, तर दुबार पेरणीचे एक मोठे कारण घरातच दूर होईल.