‘ते फक्त त्या दादालाच माहिती होतं!’

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मागच्या बॅचचा सेटअप मिळाला, की आपण जाम खूश होतो. निम्मं काम तर झालेलंच आहे! मग सेटअप चालू होतो आणि सेन्सर भलतंच रीडिंग दाखवायला लागतो. कोडमधला हा आकडा कुठून आला, ही वायर इथे का जोडलीय, कशाचाच पत्ता नाही. लॅब असिस्टंट काका शांतपणे म्हणतात, ‘ते फक्त त्या दादालाच माहिती होतं.’ दादा आता बंगळुरूला नोकरीत. दोन दिवसांनी त्याचा मेसेज येतो, ‘आठवत नाही रे, फाइलमध्ये असेल बघ.’ कुठली फाइल? पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

मनाला लावून घेऊ नका. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेचंही एकेकाळी हेच रडगाणं होतं. अणूच्या आतल्या कणांचा शोध घ्यायला तिथे देशोदेशीचे हजारो संशोधक येतात. पण तेव्हा बरेच जण साधारण दोनच वर्षं राहायचे. माणूस गेला, की त्याच्या डोक्यातलं ज्ञानही त्याच्या बॅगेबरोबर विमानात बसायचं.

टिम बर्नर्स-ली हा तरुण इंग्रज प्रोग्रॅमर १९८० मध्ये तिथे सहा महिन्यांच्या कामावर आला. कोणता माणूस कोणत्या प्रोग्रॅमवर काम करतो, तो प्रोग्रॅम कोणत्या मशीनवर चालतो, हे लक्षात ठेवायला त्यानं स्वतःपुरता ‘एन्क्वायर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. जाताना त्याची फ्लॉपी तिथेच ठेवून गेला. गंमत बघा, माहिती हरवू नये म्हणून लिहिलेला हा प्रोग्रॅम पुढे स्वतःच हरवला!

१९८४ मध्ये टिम परत आला, तेव्हाही दुखणं तेच होतं. मार्च १९८९ मध्ये त्यानं साहेबांपुढे एक प्रस्ताव ठेवला. त्यातलं निदान आजही आपल्याला लागू पडतं. माहिती अनेकदा लिहिलेली असते; फक्त ती सापडत नाही. प्रत्येकाचं कपाट वेगळं, कप्पे वेगळे. एकाच गोष्टीला दोन माणसं दोन नावं देतात. मग सगळ्यांना एकाच साच्यात कोंबण्यापेक्षा ज्याची माहिती त्याच्याच मशीनवर राहू दे, फक्त एका कागदातून दुसऱ्या कागदात थेट उडी मारता आली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. साहेब माइक सेंडॉल यांनी कागदावर शेरा मारला. कल्पना धूसर आहे, पण भन्नाट आहे, असा त्याचा अर्थ.

त्याच कल्पनेतून वर्ल्ड वाइड वेबचा जन्म झाला. पहिला सर्व्हर म्हणजे टिमच्या टेबलावरचा कॉम्प्युटर. ‘हा सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशी लाल अक्षरातली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. सर्नमधल्या लोकांना वेबची गोडी लागली ती मात्र कशामुळे? तर सर्नची टेलिफोन डिरेक्टरी त्यावर पटकन सापडायची म्हणून! ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं हे तंत्रज्ञान सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं.

या सवयीचं फळ पुढे दिसलं. २०१५ मध्ये सर्नच्या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर एक शोधनिबंध लिहिला. त्याचे लेखक होते ५,१५४! ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावं आणि संस्थांची यादी. यातल्या सीएमएस या प्रयोगात मुंबईची टीआयएफआरही आहे. एवढ्या गोतावळ्यात ‘ते फक्त दादालाच माहिती’ म्हणून कसं चालेल? तिथे प्रत्येक शिफ्टमध्ये काय घडलं, काय बिघडलं, याची नोंद पुढच्या शिफ्टसाठी लॉगबुकात केली जाते.

आपल्याला पाच हजार जण सांभाळायचे नाहीत. सांभाळायचे ते पुढच्या वर्षीचे चार ज्युनिअर. त्यामुळे ब्लॅक बुक सबमिट करण्याआधी अजून दोन पानं लिहा. काय चाललं, काय फसलं आणि तो आकडा कुठून आला. कोणती फाइल कुठे आहे, हेही लिहा आणि ती पानं सेटअपलाच चिकटवून ठेवा. फसलेलं तर आवर्जून लिहा, कारण त्यातच तुमचे तीन महिने गेलेले असतात. पुढच्या बॅचचे तरी वाचू देत!