इन्फ्ल्युएन्झाची लस व तिचे अनुषंगिक परिणाम

पुण्याच्या नारायण पेठेतील केसरीवाड्याचा गणपती मानाचा असल्यामुळे भाद्रपदात त्या परिसरात गर्दी होणे नित्याचे आहे. २००९ सालच्या गणेशोत्सवावर मात्र साथीचे सावट होते. त्या वर्षी ३ ऑगस्ट रोजी स्वाइन फ्ल्यूने देशातील पहिला मृत्यू पुण्यातच झाला. शहरातील शाळा व चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवावी लागली. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ह्या विषाणूवर नाकावाटे देण्याची लस सिद्ध केली. रोग व उपाय दोन्ही पुणेकरांनी इतक्या जवळून पाहिले, तरी ‘लस घेतल्यानेच फ्ल्यू होतो’ हा समज अद्याप ऐकू येतो. त्याची छाननी करणे अगत्याचे आहे.

सामान्यतः दंडात टोचली जाणारी लस निष्क्रिय विषाणूंची असते. बहुधा कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून ते रासायनिक क्रियेने निष्क्रिय करतात. अशा विषाणूची शरीरात वाढ होत नाही. म्हणून ह्या लशीमुळे फ्ल्यू होणे शक्य नाही. नाकावाटे देण्याच्या लशीत जिवंत, परंतु दुर्बल केलेला विषाणू असतो. तिच्यामुळे नाक वाहणे किंवा घसा खवखवणे संभवते. गर्भवती स्त्रियांना व प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांना ती देत नाहीत.

टोचलेली जागा दुखणे, किंचित सूज, अंगदुखी व बारीक ताप हे टोचण्याच्या लशीचे नेहमीचे परिणाम होत. शरीराची संरक्षक यंत्रणा जागृत झाल्याची ती चिन्हे असून बहुधा एक-दोन दिवसांत शमतात.

मग लस घेऊनही काही जण आजारी का पडतात? पुरेशी प्रतिपिंडे निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात; त्या अवधीत संसर्ग होऊ शकतो. सर्दी-तापाचे अन्य विषाणूही असतात व त्यांवर ही लस चालत नाही. शिवाय फ्ल्यूचा विषाणू सतत रूप पालटतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीचे घटक सुचविते. तथापि अंदाज चांगला जुळला तरी संरक्षण साधारणतः ४० ते ६० टक्केच मिळते. लशीनंतर घडलेली प्रत्येक गोष्ट लशीमुळे घडली, असे मानणे तर्काला धरून नाही.

याचा अर्थ गंभीर परिणाम मुळीच नाहीत असा नव्हे. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्ल्यूची लस सुमारे साडेचार कोटी लोकांना टोचल्यानंतर गियाँ-बारे ह्या मज्जातंतूंच्या विकाराचे प्रमाण वाढल्याचे आढळले. हा वाढीव धोका लाखात सुमारे एक होता. मोहीम थांबविण्यात आली. पुढील काळातील लशींबाबत हा धोका, असलाच तर, दहा लाखांत एक-दोन इतका आढळतो. हा विकार खुद्द फ्ल्यूनंतरही उद्भवतो, हेही ध्यानी घ्यावयास हवे. तीव्र ॲलर्जीचे प्रमाण दहा लाखांत सुमारे एक असून ती बहुधा काही मिनिटांतच प्रकट होते. म्हणूनच लस दिल्यावर थोडा वेळ तेथेच बसवून ठेवतात. पूर्वी ह्या लशीने अशी ॲलर्जी झालेल्यांनी ती पुन्हा घेऊ नये. अंगात चांगलाच ताप असल्यास लस पुढे ढकलावी.

वृद्ध, गर्भवती, लहान मुले आणि मधुमेह, दमा वा हृदयविकार असलेले रुग्ण ह्यांना फ्ल्यूपासून होणारा धोका लशीच्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे. महाराष्ट्रात पावसाळ्यात फ्ल्यू बळावतो. यास्तव मृगाच्या सरी येण्यापूर्वीच, दर वर्षी, वैद्यकीय सल्ल्याने लस घेणे श्रेयस्कर.