जुने नियम, नवे पुस्तक आणि यंत्राची वही

कामगार संघटनेच्या माणसाने व्याख्यानमालेत येऊन खेळाविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत बसून. ठरावांच्या वह्या, स्थायी आदेश, करारनामे आणि कायद्याची पुस्तके हीच आमची शाळा. या तीस वर्षांत आम्ही तीनच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आलो: नियम कोणी केला, तो केव्हापासून लागू झाला, आणि त्याआधी ज्याने जे मिळवले त्याचे काय? हेच तीन प्रश्न गेल्या वर्षी एका खेळात आमच्यापुढे उभे राहिले. म्हणून आजचा हा विषय.

आमच्या कचेरीत रविवारी दुपारी सभासदांची पाच मुले जमतात आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळतात. पटाशिवायही चालणारा हा खेळ आहे. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी वैद्यकी जाणणारा पुजारी. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळणारा 'मी अमुक करतो' म्हणतो, आणि ते साधले की फसले हे फाशांनी ठरते. प्रत्येक पात्राचे एक पत्रक असते. त्यात त्याचे बळ, कसब, मंत्र आणि शस्त्रे लिहिलेली असतात. कामगाराचे जसे सर्व्हिस बुक, तसे हे पात्राचे पत्रक. डाव महिनोन् महिने चालतो आणि पात्र पायरीपायरीने वर चढते. त्यामुळे पत्रकावरची प्रत्येक ओळ ही कमाई असते.

एका रविवारी या मुलांत भांडण लागले. जखम भरून काढण्याचा 'क्युअर वूंड्स' नावाचा एक मंत्र आहे. एका मुलीने तो म्हणून आठ बाजूंचे दोन फासे टाकले. समोरचा मुलगा म्हणाला, फासा एकच टाकायचा. त्याच्या हातात थोरल्या भावाने दिलेले छापील पुस्तक होते, तिच्या हातात मोबाइल. वाद मिटवणे हा आमचा धंदा म्हणून प्रकरण आमच्याकडे आले. आम्ही दोन्ही मजकूर वाचले, तर दोघेही खरे बोलत होते. २०१४ च्या पुस्तकात त्या मंत्राला एक फासा आहे, २०२४ च्या पुस्तकात दोन. नाव तेच, पान निराळे.

हा घोळ समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये, तिसरी २००० मध्ये, चौथी २००८ मध्ये आणि पाचवी २०१४ मध्ये आली. प्रत्येक वेळी जुने मोडून नवे घडवण्याचे प्रमाण सारखे नव्हते. एक उदाहरण देतो. पहिल्या पंचवीस वर्षांत चिलखताचा आकडा जितका लहान, तितके रक्षण जास्त असे गणित होते. २००० मध्ये ते उलटे केले. आकडा मोठा तर रक्षण मोठे. अशा वेळी जुने पुस्तक नव्याशेजारी ठेवून खेळता येत नाही. नव्याने हिशेब मांडावा लागतो.

२०२४ चा बदल या जातीचा नव्हता. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशकांनी पाचव्या आवृत्तीचाच पाया ठेवून तीन मुख्य पुस्तके नव्याने लिहिली. खेळाडूंचे पुस्तक सप्टेंबर २०२४ मध्ये, सूत्रधाराचे नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि राक्षसांचे फेब्रुवारी २०२५ मध्ये निघाले. मधल्या दहा वर्षांची कथानके आणि पुरवण्या नव्या नियमांबरोबर चालतील, असे प्रकाशकांचे म्हणणे आहे, आणि ते बव्हंशी खरे आहे. पण 'बव्हंशी' या शब्दातच सगळी भांडणे राहतात. पूर्ण तोडले असते तर कोणी फसले नसते. दोन्ही पुस्तके तेरा-चौदा आणे सारखी दिसतात, म्हणून उरलेल्या आण्यांत माणूस ठेचकाळतो.

ते आणे कुठले, ते पाहू. पूर्वी बेसावध गाठल्या गेलेल्या पात्राची पहिली पाळीच बुडत असे. आता पाळी बुडत नाही, पाळीचा क्रम ठरवताना दोन फासे टाकून त्यांतला कमी आकडा घ्यावा लागतो. थकव्याच्या पूर्वी सहा पायऱ्या होत्या आणि प्रत्येकीचा परिणाम निराळा होता. आता दर पायरीला फाशाच्या आकड्यातून दोन वजा होतात आणि चाल पाच फुटांनी घटते. औषधाची कुपी पिण्यात पूर्वी पाळीतले मुख्य काम खर्ची पडे. आता ते जोडकामात बसते. 'पॅलडिन' म्हणजे व्रतस्थ योद्धा. त्याच्या दैवी प्रहाराची शक्ती जुन्या नियमाने प्रत्येक लागलेल्या घावावर खर्चता येई. नव्या नियमाने ती मंत्र झाली असून एका पाळीत एकदाच वापरता येते. कुठे मिळाले, कुठे गेले. वेतनकराराचेही असेच असते. एका हाताने भत्ता वाढतो, दुसऱ्या हाताने एखादी सवलत जाते.

आता यंत्राकडे येऊ. पूर्वी हे सारे कागदावर चाले. हल्ली बहुतेक खेळणारे संगणकावरची वही वापरतात. डीअँडडी बियाँड ही त्यांतली प्रमुख. ती २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये विझर्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रो हिने ती विकत घेतली. खेळणारा तिथे पैसे भरून पुस्तक घेतो, आणि वही त्याच्या पात्राचे सर्व हिशेब आपोआप मांडते. सोय मोठी आहे. पण कागदी पुस्तक आणि ही वही यांत एक मूलभूत फरक आहे. कपाटातले छापील पुस्तक रात्रीतून स्वतःचा मजकूर बदलत नाही. यंत्रातली वही बदलू शकते, कारण तिची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते.

ही नुसती शंका नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये, नवे पुस्तक बाजारात येण्याच्या तोंडावर, डीअँडडी बियाँडने जाहीर केले की पात्रपत्रकांवरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या मजकुराने बदलल्या जातील. जुने पुस्तक वाचायला राहील. पण पत्रकावर जुना मंत्र हवा असेल, तर ज्याने त्याने तो घरगुती मजकूर म्हणून स्वतः पुन्हा भरून घ्यावा. ज्यांनी पैसे देऊन ते पुस्तक घेतले होते आणि ज्यांचे डाव मध्यावर होते, त्यांनी ओरड केली. काही दिवसांतच कंपनीने निर्णय फिरवला आणि २०१४ चे मंत्र व वस्तू पत्रकांवर वापरता येतील असे मान्य केले. आज तेथे जुन्या मजकुरावर 'लेगसी', म्हणजे पूर्वीचा वारसा, अशी खूण असते.

आमच्या मते या प्रकरणात नवे नियम वाईट होते हा मुद्दाच नव्हता. ओरड करणाऱ्यांतले कितीतरी जण नवे पुस्तक घेणारच होते. मुद्दा असा की चालू डावातली कमाई खेळणाऱ्याला न विचारता बदलायची का? आमच्या क्षेत्रात या प्रश्नाला उत्तर आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होते. पाळ्या, पगार, रजा अशा ठरावीक बाबींत सेवाशर्ती बदलायच्या तर मालकाने आधी नोटीस द्यावी आणि एकवीस दिवस थांबावे, असे ते सांगे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलाच्या नोटिशीचे तत्त्व कायम राहिले. खेळ म्हणजे कारखाना नव्हे, हे आम्ही जाणतो. मंत्राचा फासा बदलला म्हणून कोणाची चूल विझत नाही. परंतु नियमाखाली राहणाऱ्या माणसाला बदल आधी कळावा आणि त्यावर बोलता यावे, ही अपेक्षा दोन्हीकडे एकच आहे.

याच कंपनीचा आणखी एक अनुभव सांगण्याजोगा आहे. २००० साली तिने एक खुला परवाना दिला होता. त्याच्या आधारावर इतर अनेक लेखक आणि लहान प्रकाशक या खेळाला पूरक पुस्तके काढत. जानेवारी २०२३ मध्ये तो परवाना बदलण्याचा बेत बाहेर फुटला आणि मोठे काहूर उठले. महिनाअखेर कंपनीने माघार घेतली आणि नियमांचा मूळ गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या सार्वजनिक परवान्याखाली देऊन टाकला. तो परवाना दिल्यानंतर परत घेता येत नाही. २०१४ च्या नियमांचा गाभा त्यामुळे कोणाच्या मर्जीवर राहिला नाही. २०२४ च्या नियमांचा गाभाही २०२५ मध्ये तसाच खुला झाला. जुने टिकवायचे तर ते अशा जागी ठेवावे, हा यातला धडा.

आता प्रत्यक्ष खेळणाऱ्यांनी काय करावे? आमच्या मुलांबरोबर बसून, दोन्ही पुस्तके उघडून जे ठरले ते सांगतो.

पहिली गोष्ट, एका टेबलावर नियमांचा पाया एकच असावा. बेसावधपणा, थकवा, कुपी पिणे या सर्वांना लागू असणाऱ्या बाबी एकतर सगळ्यांसाठी जुन्या किंवा सगळ्यांसाठी नव्या. एकाच नावाचा मंत्र दोन्ही पुस्तकांत असेल, तर पाया ज्या पुस्तकाचा त्यातलाच घ्यावा. काही यंत्रांत ही सोय आता दिलेली आहे. फाउंड्री नावाच्या साधनात डाव सुरू करताना नियम जुने की नवे हे सूत्रधारच ठरवू शकतो. ही निवड पहिल्याच बैठकीत, सर्वांसमोर करावी.

दुसरी गोष्ट, पात्राचा पेशा अखंड घ्यावा. जुन्या पॅलडिनचा प्रहार आणि नव्या पॅलडिनच्या इतर सवलती, असे दोन्ही हातांत लाडू मागू नयेत. आम्ही संघटनेतही हेच सांगतो: जुन्या करारातला गोड घास आणि नव्यातलाही गोड घास मागणारा शेवटी सगळ्यांची बाजू लंगडी करतो.

तिसरी गोष्ट, जोड जिथे बसते तिथे दुप्पट मोजणी होत नाही ना, हे पाहावे. जुन्या नियमात बळ-कसबाची वाढ पात्राच्या वंशावरून मिळे. उदाहरणार्थ खुज्यांना काटकपणात दोन. नव्या नियमात ती पूर्वायुष्यावरून मिळते. शिपाई होता, कारकून होता, यावरून. जुना वंश आणि नवे पूर्वायुष्य एकत्र केले, तर वाढ दोनदा पडते. नव्या पुस्तकाने याचा निकाल स्पष्ट दिला आहे: जुन्या वंशाची वाढ सोडून द्यावी, पूर्वायुष्याचीच धरावी. उलट जुन्या पूर्वायुष्यात वाढ किंवा आरंभीचे विशेष कसब नसेल, तर खेळणाऱ्याने ते स्वतः निवडावे. तसेच पेशाच्या पोटशाखेचे. पूर्वी पुजाऱ्याला पोटशाखा पहिल्याच पायरीवर मिळे, मांत्रिकाला दुसऱ्या. आता सर्वांना तिसऱ्या. जुन्या पुस्तकातली वादळाची पुजारीशाखा नव्या पुजाऱ्याला हवी असेल, तर तिची पहिल्या पायरीची देणगी तिसऱ्या पायरीपर्यंत थांबते. जुने चालते, पण नव्या वेळापत्रकाने.

चौथी गोष्ट, जुनी कथानके निर्धास्त वापरावीत. २०१४ किंवा २०१६ च्या कथेतला राक्षस त्याच नावाने नव्या राक्षसग्रंथात असेल, तर नव्या नोंदीने खेळावे. नसेल तर जुनी नोंद तशीच चालवावी. कथा, गावे, माणसे यांना आवृत्ती नसते.

आणि शेवटची गोष्ट, पात्राची एक प्रत कागदावर ठेवावी. महिन्यातून एकदा छापून घ्यावी वा हाताने उतरवावी, वर तारीख आणि कोणत्या वर्षाचे नियम हे लिहावे. आमच्या जुन्या सभासदांनी पगाराच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपल्या, म्हणून कितीदा तरी दावे उभे राहिले. ज्याच्याकडे प्रत नाही, त्याला 'असेच होते' एवढेच म्हणता येते. पुरावा देता येत नाही.

आमच्या कचेरीतल्या भांडणाचा निकाल मुलांनीच केला. आम्ही फक्त अध्यक्षस्थानी होतो. पाया २०२४ चा, मंत्र सर्वांचे नवे. म्हणजे जखमेला फासे दोन. पण त्या मुलाचा पॅलडिन आठ महिने जुन्या नियमांवर चढलेला होता. त्याला विचारले: पेशा संपूर्ण जुना ठेवतोस की संपूर्ण नवा घेतोस? त्याने एक आठवडा मागितला. पुढच्या रविवारी येऊन म्हणाला, या डावापुरता जुना. पुढचे पात्र नव्या नियमांनी करीन. पाचही जणांनी हात वर केले आणि वहीत तसा ठराव लिहिला. जुन्या पुस्तकाच्या धन्याला, त्याच्या थोरल्या भावाला, ते नंतर कळले. तो आता सहावा खेळाडू म्हणून येतो.