गिटार आज घ्या, आवाज उद्या बदला

पहिले काही पगार हातात पडले की जुनी हौस डोके वर काढते. नोकरीसाठी बंगळुरूला आलेली, कोरमंगलात चौघांत एक फ्लॅट घेऊन राहणारी मराठी मुलेमुलीही याला अपवाद नाहीत. त्यातून या शहराला रॉकचे वेड जुनेच! २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स, २००७ मध्ये आयर्न मेडन आणि २०११ मध्ये मेटॅलिका इथल्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले. मग इलेक्ट्रिक गिटार घ्यावीशी वाटली तर नवल ते काय?

पण घरभाडे भरायचे, गावी पैसे पाठवायचे आणि उरलेल्यातून गिटार घ्यायची, तर ती महाग कशी परवडणार? आणि स्वस्तातली घेतली तर वर्षभरात तिचा आवाज नकोसा होणार नाही का? यावर उपाय आहे. आज अशी गिटार निवडा, जिचा आवाज पुढे सवडीने सुधारता येईल.

आवाज येतो कुठून?

तारांखाली बसवलेल्या पट्टीसारख्या भागाला पिकअप म्हणतात. त्यात लोहचुंबक असते आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की या वेढ्यांत सूक्ष्म वीज निर्माण होते आणि ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. एकाच गुंडाळीचा पिकअप, म्हणजे सिंगल कॉइल, स्वच्छ आणि खणखणीत वाजतो, पण घरातल्या विजेची गुणगुणही पकडतो. दोन गुंडाळ्यांचा हंबकर ही गुणगुण दाबतो आणि भरदार वाजतो.

हे पिकअप स्क्रू काढून, डाख देऊन बदलता येतात. डिमार्झिओ, सीमूर डंकन अशा कंपन्या खास बदलण्यासाठीच ते बनवतात.

जे बदलत नाही, ते आधी पाहा

पिकअप बदलेल, पण वाकडी मान बदलणे म्हणजे जवळजवळ नवी गिटार घेणे. म्हणून मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहा. प्रत्येक पडद्यावर तार दाबून वाजवा. खरखर येता कामा नये. तार ताणून सोडल्यावर सूर उतरतो का, तेही तपासा. यात गिटार उत्तीर्ण झाली तरच पुढचे प्रश्न विचारा.

दुकानदाराला हे विचारा

* वरच्या प्लेटखाली लाकडात खोबणी केवढी आहे? सिंगल कॉइलपुरतीच असेल, तर पूर्ण आकाराचा हंबकर बसवायला लाकूड कोरावे लागेल. ब्रिजजवळ एक हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल अशी रचना नवशिक्यांना सोयीची.
* ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेत अंतर किती? साधारण ५० आणि ५२-५३ मिलिमीटर अशी दोन मापे आढळतात. हंबकर घेताना हे माप लागते, म्हणून लिहून ठेवा.
* आवाजाच्या बटणामागचे पॉट किती किलोओहमचे? सिंगल कॉइलला सहसा २५०, हंबकरला ५०० वापरतात. पिकअपबरोबर हेही बदलावे लागू शकते.
* बॅटरीवर चालणारा ॲक्टिव्ह पिकअप पुढे हवा असेल, तर ९ व्होल्टच्या बॅटरीला आत जागा आहे का?

घाई नको

सगळे पैसे गिटारवरच संपवू नका. छोटा ॲम्प्लिफायर घ्या आणि त्याला हेडफोनची सोय असू द्या, म्हणजे शेजाऱ्यांची झोप मोडणार नाही. निदान सहा महिने आहे त्याच पिकअपवर सराव करा. आवाज मंद वाटला तर आधी तारा बदला आणि बाजूचे स्क्रू फिरवून पिकअप थोडा वर-खाली करून पाहा. कित्येकदा एवढ्यानेच काम भागते आणि मोठा खर्च वाचतो.

तरीही मन भरले नाही, तर एकच पिकअप बदला, शक्यतो ब्रिजजवळचा. डाख देण्याचा सराव नसेल तर जाणकार कारागिराकडे जा. काढलेला जुना पिकअप मात्र जपून ठेवा. पुढे गिटार विकायची झाली, तर तो पुन्हा बसवून नवा पिकअप आपल्याकडे ठेवता येतो.

सहा महिन्यांच्या सरावानंतर कानही तयार झालेले असतात. आपल्याला नेमका कसा आवाज हवा, हे तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारावे लागत नाही.