सिपचे घर आणि यत्नाचार

घर बांधताना होणारी हिंसा शास्त्रकारांनी ‘आरंभी’ म्हटली आहे. गृहस्थाला ती सर्वस्वी टळत नाही. यत्नाचाराने कमी मात्र करता येते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाने ‘सिपचे घर बांधतो आहे’ असे कळविले, तर वडीलधाऱ्यांनी हाच विचार पुढे ठेवावा.

सिप म्हणजे काय, हे सांगली-तासगावची बेदाण्याची शीतगृहे पाहिलेल्यांस समजावणे सोपे आहे. तेथील पफ पॅनेलमध्ये दोन पत्र्यांच्या मधोमध फोम असतो. सिपमध्ये पत्र्याऐवजी लाकडाच्या कपच्या दाबून केलेल्या फळ्या असतात आणि ही भिंत छपराचा भारही पेलते. कल्पना जुनी आहे. १९३५ साली विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेने लाकडी पटलांचे प्रायोगिक घर उभारले. पुढे १९५२ मध्ये वास्तुविशारद ऑल्डन डाऊ यांनी फोम भरलेल्या पटलांची घरे बांधली. अशा घराला हिवाळ्यात इंधन कमी लागते. जाळणे कमी, म्हणून हिंसाही कमी, हे खरेच.

परंतु खरी परीक्षा सांध्यांची. अलास्कातील जुनो येथे अशा काही घरांची छपरे कुजली. ते पाणी केवळ पावसाचे नव्हते. घरातील दमट हवा सांध्यांच्या फटींतून वर गेली आणि थंड फळीवर तिचे पाणी झाले. ओल्या फळीत बुरशी धरते, सुतारमुंग्या फोम पोखरून वारूळ करतात. मग विषारी फवारणीवाचून गत्यंतर उरत नाही. जीवोत्पत्ती झाल्यावर हळहळण्यापेक्षा ती होऊच न देणे, ही आपली रीत. पाणी गाळण्यामागेही तीच दृष्टी आहे.

आपल्या स्वयंपाकघरात वरण-भाताची, उकळत्या पाण्याची वाफ सतत असते, हे तिकडच्या कंत्राटदाराच्या ध्यानी येईलच असे नाही. पटलांच्या दरात घासाघीस खुशाल करावी (व्यापाऱ्याला ती सांगावी लागत नाही!), पण सांधे बंद करणाऱ्याच्या मजुरीत करू नये. आतली भिंत झाकण्यापूर्वी दारात पंखा लावून हवेची गळती तपासून घ्यावी. घर घट्ट असल्याने शुद्ध हवा आत आणणारे यंत्र हवेच. आणि चुलीवरचा पंखा वाफ बाहेर सोडतो की केवळ गाळून पुन्हा घरातच, हे नकाशा मंजूर करण्याआधी विचारावे.